बोरवाड्यात कोणी आजारी नाही

प्रश्न पहिला : घरात माणसे कोण कोण?

लीलाधर मास्तरांच्या भडगावातल्या घरात माणसं दोन, ते आणि कुंदाबाई. पण खरं उत्तर तीन असं होतं. तिसरा तोताराम.

तोताराम राहायचा अमळनेरला, तेलाच्या एका गिरणीत कारकून होता आणि मास्तरांच्या घरी वर्षातून एखादवेळी यायचा. तरी तो इथे कायम मुक्कामाला असे. चहा पातळ झाला की कुंदाबाई म्हणायची, "लताकडे दूध घट्ट येतं." मास्तरांनी छत्री दुरुस्त करून आणली की म्हणायची, "तोतारामभावजींनी नवीच घेतली." लता ही कुंदाबाईची धाकटी बहीण आणि तोताराम तिचा नवरा. म्हणजे मास्तरांचा साडू.

साडू या नात्याबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. भाऊ वाटणी मागतो. शेजारी बांध कोरतो. त्यांच्याशी उघड भांडता येतं. साडू काही मागत नाही, काही कोरत नाही. तो फक्त चांगला राहतो, आणि त्यावर कुठल्याच कोर्टात दाद मागता येत नाही. तोतारामकडे सायकल होती, मनगटी घड्याळ होतं, आणि तो हसायचा. घड्याळ एक वेळ मास्तरांनी सोसलं असतं.

प्रश्न दुसरा : ही पाहणी कोण करीत आहे?

भडगावच्या अभिमन नानांनी त्या वर्षी गिरणाथडी आरोग्य सहकारी मंडळी काढली होती. स्वराज्य येऊन नऊ वर्षं झाली तरी गिरणाकाठच्या खेड्यांत डॉक्टर दिसत नव्हता. नानांची योजना सरळ होती. घरटी वर्गणी द्यायची, वर्षभर डॉक्टर आणि औषध मंडळीकडून. पहिला दवाखाना एकाच गावात निघणार होता. नदीच्या अलीकडचं बोरवाडे किंवा पलीकडचं ढोलवाडे. जिथे आजार जास्त आणि लोकांची तयारी जास्त, तिथे. पावसाळ्यात गिरणा भरली की या दोन गावांचा संबंध तुटायचा, त्यामुळे दवाखाना पलीकडे गेला तर बोरवाड्याला तो चार महिने लांबून बघायला मिळणार होता.

बोरवाडे ही मास्तरांची सासुरवाडी.

"लोकांचं मत काढायचंय, मास्तर," नाना म्हणाले. "कारकून पाठवला तर लोक समजतात, शेतसारा वाढवायला आला. दारं लावून घेतात. जावयाला कोण दार लावेल? तुम्ही दिवाळीला जाणारच आहात. फॉर्म घेऊन जा."

मास्तरांची छाती कोटाच्या आत फुगली. जनमत काढणारा माणूस भडगावात तरी दुसरा नव्हता.

"मारुतीच्या पाराच्या वरची आळी तुमची," नाना पुढे म्हणाले. "खालची तुमच्या साडूंना दिलीय. काय सुरेख अक्षर आहे हो त्यांचं!"

मास्तर गेली चौदा वर्षं मुलांना सुलेखन शिकवत होते. कोट जागच्या जागी सैल झाला.

प्रश्न तिसरा : घरात सध्या काय काय आजार आहेत?

पहिलं घर झुलाल आबांचं. आबा खाटेवर दोन गोधड्या घेऊन पडले होते. मास्तरांना पाहताच उठून बसले, डोक्याला पटका गुंडाळला आणि सुनेला हाक मारून शेव-गूळ मागवला. दात वाजत होते. खाट तर उखळासारखी दणदणत होती.

"आबा, हिवताप दिसतो," मास्तरांनी लेखणी उघडली.

"माले काय व्हयनं? बठ्ठं बरं शे."

"अहो, थरथरताय तुम्ही."

"मी नही, जवाईबुवा. खाट जुनी शे, ती हालस."

मास्तर लिहू लागले तर आबांनी त्यांचा हात धरला. "तुम्ही गावना जवाई. दिवाळीले उनात. तुमना कागदवर आमनं दुखनं लिखानं का? गाव काय म्हनी?"

मास्तरांनी लिहिलं : आजार नाही. खाट जुनी.

दुसऱ्या घरी बेबाबाईने नवऱ्याला, रुपचंदला, कापसाच्या ढिगात मांडीपर्यंत पुरून बसवलं होतं. पायाला जखम होती हे अख्ख्या गावाला माहीत होतं. वास दारापर्यंत येत होता. बेबाबाई हसून म्हणाली, "थंडीना दिन शेत. कापसामा पाय ऊब धरस." आणि चहात एवढी साखर घातली की चमचा उभा राहिला.

असंच पुढे. पोर खोकलं तर त्याला लाडवाचा भुगा अडकलेला. म्हातारीला दिसत नसलं तर तिला बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. दवाखाना हवा का? "तुम्ही सांगशात तसं." वर्गणी द्याल का? "जवाई मांगस आनि नही म्हनानं?" आणि प्रत्येक घरी ताट. जनमताचा अभ्यास करताना मास्तरांना कोटाची खालची दोन बटणं सोडावी लागली. वरची आळी संपेपर्यंत त्यांना खात्री पटली होती की वरच्या आळीत आजारी माणूस एकच, आणि तो म्हणजे जेवून जेवून ते स्वतः.

प्रश्न साडेतीन : (हा छापलेला नाही)

वरची आळी अर्धी झाली असतानाच खालच्या आळीतून हसण्याचा आवाज आला होता.

मास्तर एका ओट्यावर थबकले. पुन्हा हसणं. बायकांचं. मधेच तोतारामचं. आणि वाऱ्याबरोबर पुरणाचा वास, खापरावर भाजलेल्या मांड्यांचा. मास्तरांना आतापर्यंत शेव, लाडू, शिरा झाला होता. मांडे नव्हते.

तेव्हापासून त्यांनी प्रत्येक घरी, लेखणी मिटल्यावर, सहज विचारल्यासारखा एक जादा प्रश्न घालायला सुरुवात केली. "काय हो, आमचे तोतारामराव तुम्हाला कसे वाटतात?" खरं तर हीच त्यांची पाहणी होती. बाकीचे प्रश्न मंडळीचे.

लोक गोलगोल बोलत. शेवटी परतताना भेटलेल्या बेबाबाईने मात्र सरळ सांगितलं. "तुम्ही मोठा जवाई. तुमना मान पहिला. पन तोतारामभाऊना लाड जास्त करना पडस. तो हसस ना."

मास्तरांनी त्या संध्याकाळी सासूच्या घरातल्या आरशासमोर हसून पाहिलं. कुंदाबाई मागून म्हणाली, "दाढ दुखतेय का?"

प्रश्न चौथा : हे घर कोणत्या आळीत मोडते?

सासूबाई भिकुबाईंचं घर बरोबर पाराला लागून होतं. अर्धं वर, अर्धं खाली. सासरे वारले होते, शेती मेहुणा पुना पाहायचा. हे घर कोणी लिहायचं यावर दोन्ही जावयांनी अत्यंत गोड शब्दांत वाद घातला. "तुम्ही मोठे, तुम्हीच लिहा," तोताराम म्हणाला. "छे, तुमचं अक्षर," मास्तर म्हणाले. शेवटी दोघेही दोन फॉर्म घेऊन भिकुबाईंसमोर बसले.

भिकुबाई चुलीपुढे होत्या. पदराचा बोळा तोंडात धरून त्या एवढ्या खोकल्या की तव्यावरची भाकर जळली.

"मामी, खोकला कधीपासून?" दोघांनी एकदम विचारलं.

"खोकला नही, भाऊ. फोडनीना ठसका शे."

भाकरीला फोडणी नसते. तरी दोघांनीही ठसका असंच लिहिलं. तोतारामने जास्त सुरेख लिहिलं.

प्रश्न पाचवा : लोकमताचा निष्कर्ष काय?

नानांनी दोन्ही आळ्यांचे फॉर्म चाळले आणि चष्मा काढून ठेवला.

"मास्तर, बोरवाड्यात कोणी आजारी नाही."

त्यांनी गठ्ठा मास्तरांपुढे सरकवला.

"वरच्या आळीत नाही, खालच्या आळीत नाही. पोट दुखत नाही, डोकं दुखत नाही. जनावरंसुद्धा धडधाकट असतील. आणि ढोलवाड्याचे फॉर्म बघा. तिथे आपला कंपाउंडर गेला होता. माणशी एक आजार सांगितलाय त्यांनी, काहींनी शेजाऱ्याचाही सांगितला. दवाखाना ढोलवाड्याला."

बाहेर पडताना मास्तरांच्या मनात पहिल्यांदा भिकुबाईंचा खोकला आला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा आलं ते हे की तोतारामचाही निकाल शून्यच लागला. त्या विचाराने पारोळ्याच्या नाक्यापर्यंत बरं वाटलं. तिथे मात्र खोकला आठवला. भरलेल्या नदीपलीकडे दवाखाना, आणि अलीकडे पदर तोंडात धरून बसलेली म्हातारी. मास्तर परत फिरले.

"नाना, शाळेला अजून दहा दिवस सुटी आहे. मला पुन्हा जाऊ द्या. एकट्याला."

एकट्याला हा शब्द त्यांनी जरा मोठ्याने म्हटला.

प्रश्न सहावा : मुक्कामाचे कारण

इथे मास्तरांनी एक चूक केली. या वेळी घाई करायची नाही, काम पुरं होईतो राहायचं, म्हणून त्यांनी पत्र्याची ट्रंक घेतली. ट्रंकेत कोरे फॉर्म. वर वळकटी बांधली. कुंदाबाईला सोबत घेतलं. आणि फाट्यावर एसटीतून उतरून भर दुपारी ही सगळी मिरवणूक पारावरून नेली.

दिवाळी करून, नवं धोतर घेऊन गेलेला जावई आठवड्याच्या आत, न बोलावता, ट्रंक-वळकटी आणि बायकोसकट परत आला तर खानदेशात त्याचा अर्थ एकच होतो. पारावरच्या कोणी काही विचारलं नाही. नुसते सरकून बसले. संध्याकाळपर्यंत वरच्या आळीला कळलं की मास्तरांची नोकरी गेली. दिवेलागणीला खालच्या आळीला कळलं की ते आता घरजावई झाले.

मास्तरांना हे सकाळी कळलं, तेही भाकरीवरून. भाकर कालची होती. सोबत मिरचीचा ठेचा. मांडे नाहीत, शेव नाही, पाटाभोवती रांगोळी तर नाहीच. पुना बैलांना पाणी दाखवत म्हणाला, "मास्तर, आज वेचणीवर जाशात का? कापूस तोलाले कोनी नही." दिवाळीत हाच पुना त्यांच्या चपला उचलून ठेवत होता.

अपमानाने लाल होऊन मास्तर फॉर्म घेऊन निघाले. आबांच्या दारी पोचले. आबा खाटेवरून उठले नाहीत. पटकाही घातला नाही.

"ये रे, लीलाधर. ती बादली जरा सरकाव."

लीलाधर. रे. बादली. मास्तरांनी बादली सरकवली, कारण हातांना दुसरं काही सुचलं नाही.

"तू आते घरनाच माणूस, तुनापाशी काय लपाडनं?" आबा कण्हले. "दर तिसरा दिन हिव भरस. हाडं मोडी टाकस. भगतनी कोंबडा लिधा, तो बी त्यानीच खाधा. भडगावले जायाले गाडी नही, नि गाडी भेटनी तं अंगमा जीव नही. लिख, लिख."

मास्तरांनी लेखणी उघडली आणि मिटली. लाज आवरेना. "आबा, गैरसमज झालाय. माझी नोकरी शाबूत आहे. मी मंडळीच्या कामाला आलोय."

आबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते धडपडत उठले, पटका शोधू लागले. "असं का? वो सून, चहा ठेव. जवाईबुवा शेत." आणि गोधडी सारखी करत, थडथड उडत, म्हणाले, "माले काय व्हयनं? मी तं तुमनी मस्करी करत व्हतू."

मास्तर ओट्यावर उभे राहिले. एका बाजूला चहा उकळत होता, दुसऱ्या बाजूला आबा. जावई म्हणून परत मान मिळवायला त्यांना एका वाक्याचीच गरज लागली होती. आणि त्या एका वाक्याने आजार पुन्हा गोधडीखाली गेला होता.

"नाही आबा," मास्तर हळूच म्हणाले. "नोकरी गेलीच. तोंड लपवायला असं सांगतो मी."

आबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि परत आडवे झाले. "मंग पाय दाब जरा," ते म्हणाले, "नि लिखत बी जा."

प्रश्न सातवा : सांगावेसे वाटणारे इतर काही

सगळंच. चार दिवसांत बोरवाडे मास्तरांसमोर उघडं पडलं. रुपचंदने कापसातून पाय काढला. बायकांनी बाळंतपणातली मेलेली मुलं सांगितली, चुलीशी तोंड करून, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट. दवाखाना हवा का, तर हवा. पण डॉक्टर तरणा नको. वर्गणी द्याल का, तर सुगीनंतर, आणि आधी मागायला आलात तर कुत्रं सोडू. यालाच जनमत म्हणतात हे मास्तरांना तेव्हा कळलं. जनमतात त्यांचंही मत आलं होतं, म्हणजे त्यांच्याविषयीचं. नाक फार मोठं, चालणं बगळ्यासारखं, आणि सासरी राहून कोट घालतो.

अशात शनिवारी एसटीच्या टपावर सायकल टाकून तोताराम आला. सोबत लता.

ते येणार हे कळल्यापासून कुंदाबाई धुमसत होती; आदल्या रात्री तिने तोंड उघडलं. "विहिरीवर बायका माझ्याकडे कशा बघतात ठाऊक आहे? उद्या लता बघेल. सांगून टाका ना एकदा सगळ्यांना."

"मामी काल माझ्यासमोर खोकल्या," मास्तर म्हणाले.

कुंदाबाईने तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं.

"पदर न घेता. मी चुलीपाशी लाकडं ठेवत होतो. म्हणाल्या, रातले आडं पडता येत नही, कणगीले टेकीसन बसस मी. दोन पावसाळे झाले म्हणे. पुनाला सांगितलं तर तो गाडी जुंपतो, वाटेवरचा चिखल बघतो आणि परत येतो. जावयाला कसं सांगणार, म्हणाल्या. मी समोर बसलोय हे विसरल्या होत्या."

कुंदाबाई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. खडे संपले तरी निवडत राहिली.

"मला नाही सांगितलं तिने," ती शेवटी म्हणाली. "बरं. गावात राहू द्या तसंच. पण लताला मी खरं सांगणार."

"लता तोतारामला सांगेल. तोताराम पारावर सांगेल."

"म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीपुढेसुद्धा खोटंच?"

"तिच्यापुढेच."

रविवारी मांडे झाले. भिकुबाईंनी श्वास कोंडून, चेहरा जांभळा होईतो, परातीएवढे मांडे खापरावर टाकले, कारण समोर जावई बसला होता. तोताराम पाटावर. भोवती रांगोळी. पुना वारा घालत होता. आणि आंघोळीचं पाणी कोणी काढलं? ते विचारू नये. मास्तरांनी ते काढलं, कढत काढलं, आणि तेवढाच काय तो सूड घेतला.

"लीलाधरराव, मन खचू देऊ नका," तोताराम तूप ओतून घेत म्हणाला. "आमच्या गिरणीत पोती मोजायची एक जागा आहे. शब्द टाकतो."

आणि हसला.

मास्तरांच्या तोंडापर्यंत ते वाक्य आलं. माझी नोकरी शाबूत आहे. चार शब्दांत हे हसू पुसलं गेलं असतं. त्यांनी चुलीकडे पाहिलं. भिकुबाई भिंतीकडे तोंड करून पदर चावत होत्या, खांदे हलत होते.

"टाका शब्द," मास्तर म्हणाले. "उपकार होतील."

आयुष्यात इतकं कठीण वाक्य त्यांनी पूर्वी उच्चारलं नव्हतं. नंतर गोठ्यात जाऊन ते बैलाशी बराच वेळ तोतारामच्या अक्षराविषयी बोलले.

प्रश्न आठवा : योजनेचा लाभ कोणास?

नवे फॉर्म पाहून नानांनी चष्मा दोनदा पुसला. ते कसे भरले हे गावात बोलायचं नाही, एवढं मास्तरांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. दवाखाना बोरवाड्याला आला. संक्रांतीनंतरच्या रविवारी धर्मशाळेच्या दोन खोल्या सारवून उघडला. डॉक्टर तरणाच होता. त्याला इलाज नव्हता.

शाळा केव्हाच सुरू झाली होती. मास्तर सुटीच्या दिवशी येत. गावाने त्याचाही अर्थ लावला होता : नानांनी दया करून कुठेतरी चिकटवलाय, पण टिकेल असं वाटत नाही.

उद्घाटनाला गावचा मान जावयाला द्यायचं ठरलं. गावाला आता एकच जावई होता. तोतारामला टोपी-उपरणं झालं, गळ्यात झेंडूचा हार आला, नानांच्या शेजारची खुर्ची मिळाली. त्याने जनमत म्हणजे काय यावर भाषण केलं. मास्तर सतरंजीच्या कडेला उभे होते. मग कंपाउंडरने हाक मारली, "अहो, सुया उकळायला पाणी आणता का?" म्हणून बादली घेऊन विहिरीवर गेले. वाटेत त्यांच्या मनात जे विचार आले ते छापण्याजोगे नाहीत.

पहिला पेशंट भिकुबाई. पुनाने त्यांना धरून आणलं. हार घातलेला तोतारामही मागोमाग आत आला; पहिल्या पेशंटपाशी आपण असावं, असं त्याला वाटलं.

"आजी, खोकला कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

भिकुबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, आणि पदर पुढे ओढला. "खोकला नही भाऊ माले. या पोरेसनी उगीच आनं."

छातीतून शिट्टी वाजत होती. डॉक्टरांनी नळी कानाला लावली तर त्या श्वासच घेईनात. कोंडून बसल्या. डोळ्यांतून पाणी आलं तरी कोंडून.

मास्तर बादली घेऊन दारात आले ते याच वेळी.

भिकुबाईंनी एक हात उचलला. "तोतारामभाऊ, तुम्ही बाहेर बसा. तुमले चहा येस."

"मी थांबतो ना, मामी."

"बाहेर बसा," त्या म्हणाल्या. आवाज सासूचाच होता, पण त्यात मांडे नव्हते.

तोताराम बाहेर गेला. डॉक्टरांनी मास्तरांकडे बोट केलं. "आणि हे?"

"तो राहू द्या," भिकुबाई म्हणाल्या. "तो आमना शे." आणि त्यांनी पदर सोडला. त्या खोकल्या ते दोन पावसाळ्यांचं साठलेलं खोकल्या. वाकून, गुडघ्याला धरून, मास्तरांच्या दंडात नखं रुतवून. डॉक्टर पाठीवर नळी फिरवत ऐकत राहिले, आणि मग कंपाउंडरला म्हणाले, "सुई तयार करा. वेळेवर आल्यात."

पाणी आणखी लागणार होतं. मास्तर रिकामी बादली घेऊन बाहेर आले तर दाराला कान लावून तोताराम उभा. हार वाकडा झाला होता, चहा हातात निवला होता, आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते तोंड मास्तरांनी कुठेतरी रोज पाहिलेलं होतं. दाढी करताना.

"मला का बाहेर काढलं?" तोताराम हळू आवाजात म्हणाला. "तुम्हाला कसं आत घेतलं त्यांनी? तुम्ही नेमकं केलंत तरी काय?"

मास्तरांना सांगता आलं असतं. साडूला सांगणं धर्मच होता. त्यांनी विहिरीवरून बादली भरून आणली, काठोकाठ, थेंब न सांडता.

"जरा बाजूला व्हा, तोतारामराव," ते म्हणाले. "आत आमची माणसं आहेत." आणि खांद्याने दार लोटून घेतलं.